राखणदाराचें घर

आपल्या भाषेनें प्राण्यांच्या निवाऱ्यांची मोठ्या आस्थेनें नोंद ठेवली आहे. गाईम्हशींना गोठा आहे, घोड्यांना पागा आहे, हत्तींना पीलखाना, कोंबड्यांना खुराडें, कबुतरांना ढाबळ. मधमाशीचें पोळें आणि मुंग्यांचें वारूळ हीं तर त्यांचीं त्यांनींच बांधलेलीं घरें. पण त्यांनाही स्वतंत्र नांवें आहेत. कुत्र्याच्या घराला मात्र असा घरगुती शब्द नाहीं. 'श्वानगृह' म्हटलें तर कचेरींतील कागदाची आठवण होते, आणि 'कुत्र्याचें घर' म्हटलें तर ऐकणारा हंसतो. ज्या प्राण्याची सोबत माणसानें शेती करावयास लागण्यापूर्वींपासून केली, त्याच्याच निवाऱ्याला नांव असूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा विचार सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. कोल्हापूरनजीक, करवीर तालुक्यांत, गडमुडशिंगी हें गांव आहे. तेथील आमच्या एका आप्तांनीं जुनें घर उतरवून त्याच जागीं सिमेंटचें नवें घर बांधलें. जुन्या घराला सोपा होता. मोत्या नांवाचा त्यांचा कुत्रा त्या सोप्याच्या कडेला घोंगडीच्या तुकड्यावर पडून असे. रात्रीं कोणी दारावरून गेलें कीं तेथूनच एकदां भुंके आणि पुन्हा मुटकुळें करून निजे. नव्या घराला सोपा नाहीं. लोखंडी फाटक आहे आणि आंत गुळगुळीत फरशी आहे. फरशीवर पायांचे ठसे उमटतात म्हणून मोत्या बाहेर राहूं लागला. पहिल्याच आषाढांत तो बाहेरच्या जिन्याखालीं भिजत उभा असलेला पाहून घरधनिणीचें मन तिला खाऊं लागलें, आणि अंगणाच्या कोपऱ्यांत त्याच्यासाठीं एक लांकडी घर करावें असें ठरलें.

आप्तांबरोबर मीही सुताराकडे गेलों. कोपऱ्याची लांबी-रुंदी त्यांनीं कागदावर नीट लिहून आणली होती. सुतारानें कागद पाहिला आणि विचारलें, "जागंचं माप आणलासा, कुत्र्याचं कुठं हाय?"

आम्हां दोघांनाही उत्तर सुचेना. पुढें त्यानें जें समजावून दिलें तें ऐकण्यासारखें होतें. मोठें घर तें चांगलें घर, ही आपली समजूत कुत्र्याला लागू पडत नाहीं. गारठ्यांत त्याला ऊब मिळते ती स्वतःच्याच अंगाची; म्हणून नीट उभें राहतां यावें, वळतां यावें आणि अंग टाकून पडतां यावें एवढीच जागा त्याला हवी. त्याहून ऐसपैस घर त्याच्या उबेनें तापत नाहीं. तळाच्या फळ्या जमिनीला टेकूं न देतां चार पायांवर वीतभर उचलाव्या, नाहीं तर मातीची ओल लांकडांत शिरते. पावसाची झड या भागांत पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दार पूर्वेला. तेंही मध्यभागीं नको, एका बाजूस. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यांत वारा लागत नाहीं. छपराचा उतार मागें असावा आणि छप्पर बिजागरीवर उघडावें. सांध्यांत गोचिड्या लपतात, तेथवर हात पोहोंचला पाहिजे. वळचणीखालीं वारा खेळावयास फट हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं; जीभ काढून धापा टाकूनच तो निवतो, आणि चैत्रांत बंद पेटी म्हणजे त्याला भट्टीच. शेवटीं सुतार म्हणाला, "आन् दारातनं फाटक दिसाय पायजे. न्हाईतर ते आत बसायचं न्हाई." जुन्या सोप्याच्या सागवानी फळ्या परसांत पडून होत्या, त्याच या कामीं आल्या.

परततांना सुताराचा तो पहिला प्रश्न माझ्या मनांतून जाईना. आमच्या आप्तांचा हेतु चांगला होता, पैसे खर्चण्याची तयारी होती; फक्त माप चुकीच्या वस्तूचें घेतलें होतें. आपल्या हातून होणाऱ्या पुष्कळशा परोपकाराची हीच गत नाहीं का? आपल्याजवळ कोपरा किती रिकामा आहे हें आपण आधीं पाहतों, आणि त्यांत बसेल तेवढी दया करतों. ज्याच्यासाठीं ती करावयाची त्याला काय टोंचतें, तो कोणत्या कुशीवर निजतो, याची चौकशी राहून जाते. माणूस निदान तक्रार तरी करूं शकतो. ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्याजवळ जाऊन माप घेणें, एवढाच मार्ग उरतो.

आतां त्या नसलेल्या शब्दाकडे वळूं. प्रथम वाटतें कीं हा आपल्या स्वार्थाचाच पुरावा आहे. गोठ्यांतून दूध निघतें, खुराड्यांतून अंडीं निघतात. कुत्रा देतो ती केवळ जाग, आणि जागणाऱ्याला अंथरूण कशाला, असा आपला हिशेब असावा. परंतु असें म्हणणें पूर्वजांवर अन्याय करणारें होईल. कुत्र्याला वेगळें घर नव्हतें, कारण घराचाच एक भाग त्याचा होता. सोपा, ओसरी, पडवी, गोठ्याची कड, विझलेल्या चुलीपाशीं उबदार राख, या जागा कोणी त्याला दिल्या नव्हत्या आणि कोणी त्या नाकारल्याही नव्हत्या. आपण सोपा पाडला आणि राखणदार मात्र ठेवून घेतला. तेव्हां आज अंगणांत जें लांकडी घर उभें राहतें तें दान नव्हे. आपण काढून घेतलेल्या जागेची ती परतफेड आहे.

कुत्र्याविषयीं आपल्या परंपरेचें मन दुहेरी आहे. श्राद्धाच्या अन्नावर त्याची दृष्टि पडूं नये असें धर्मशास्त्र सांगतें. आणि महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर त्याच कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथांत बसावयास नकार देतो. कुत्रा पवित्र आहे असें तो म्हणत नाहीं. जो विश्वासानें आपल्यामागें आला त्याला टाकणें पाप आहे, एवढेंच म्हणतो. आमच्या भागांत तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला दत्तस्थान आहे, आणि दत्तमहाराज दुपारच्या भिक्षेला कोल्हापुरास येतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्या चित्रांतील चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतों आणि दारांतल्या पांचव्याला 'हड्' म्हणतों.

येथें कोणी म्हणेल कीं माणसांना घरें नसतांना कुत्र्याच्या घराची कसली चर्चा? आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. निदान या परिसरांत तरी नाहीं. गडमुडशिंगीजवळच वळिवडे येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालापासून, सुमारें ५००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें. ते गेल्यावर फाळणीनें उखडलेलीं सिंधी कुटुंबें तेथें आलीं, आणि त्या वस्तीचें गांधीनगर झालें. घर जाणें म्हणजे काय हें या मातीनें जवळून पाहिलें आहे. बेघर माणसाचें आपल्यावरील देणें मोठें आहेच. परंतु गांवाचें देणें मोठें आहे म्हणून वाण्याची उधारी बुडवतां येत नाहीं. माझ्या फाटकाच्या आंत जो जीव मीं ठेवला आहे, त्याचें देणें माझ्या एकट्याच्या नांवावर आहे.

तें सर्वांत जड होतें साखळीमुळें. मोकळा कुत्रा पाऊस आला तर कोठें तरी आडोसा शोधतो. बांधलेल्याचा आडोसा आपणच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत पंचगंगाकांठच्या गांवांतून माणसें होड्यांनीं बाहेर काढावीं लागलीं. दाव्याला बांधलेल्या जनावराला अशा वेळीं पळणें हा उपायच नसतो, हें तेव्हां वेगळें सांगावें लागलें नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याच न्यायानें चालतो. मालकानें पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा त्यांत अपराध आहे. आणि नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरावयास न नेणें हाही. वाटेनें जाणाऱ्या मुलाचाही हक्क आहे. त्यासाठीं कुंपण हवें, लस हवी, बाहेर नेतांना दोरी हवी. परंतु सुंदर लांकडी घर केलें म्हणून दिवसभर साखळी लावण्याची मुभा मिळत नाहीं. ज्याला त्यांतून उठून बाहेर जातां येत नाहीं त्याचें तें घर नव्हे, कोंडवाडा होय.

मोत्यानें पहिले चार दिवस त्या घराकडे पाहिलेंही नाहीं. मग घरधनिणीनें जुन्या घोंगडीचा तोच तुकडा शोधून आंत अंथरला. त्या रात्रीं पाऊस कोसळला, आणि सकाळीं पाहतों तों तो आंत होता. अंग कोरडें, तोंड मात्र उंबऱ्याबाहेर, फाटकाकडे. घरांतील मुलांनीं या घराला नांव काय द्यावें याचा विचार केला नाहीं. "मोत्या कुठाय?" म्हणून विचारलें कीं तीं सहज सांगतात, "सोप्यांत."