अपराध कोणाचा, शासन कोणाला?

दंडाचा विचार हा राजधर्माचा विषय असून गृहस्थाचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु किंचित् सूक्ष्म दृष्टीने पाहिल्यास प्रत्येक घर हे एक लहानसे राज्यच असून शासन करणारा आणि शासन सोसणारा असे दोन पक्ष तेथे प्रतिदिनी समोरासमोर येत असतात, असे दिसून येईल. त्यातही ज्याला आपली बाजू शब्दाने मांडता येत नाही असा जीव घरात असेल, तर शासन करणाऱ्याच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते. कारण तेथे त्याला जाब विचारणारा कोणीच नसतो. घरात आणलेले कुत्र्याचे पिल्लू हे याचे अगदी जवळचे उदाहरण होय.

भारतातील लहानमोठ्या शहरांतून आज अनेक घरी गोल्डन रिट्रीव्हर जातीचे कुत्रे पाळले जातात. सोनेरी केस, शांत मुद्रा आणि मुलांविषयीचा लोभ यांमुळे ही जात सर्वांना प्रिय झालेली आहे. परंतु मुलांच्या हट्टापायी आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू चार महिन्यांचे होते न होते तोच तक्रारींची मालिका सुरू होते. ते हाताला दात लावते, पदर ओढते, चपला कुरतडते, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारते आणि बैठकीची सतरंजी ओली करते. मग घरातील कर्ता पुरुष संतापून वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतो. पिल्लू कान पाडते, मान खाली घालते आणि नजर चुकवून कोपऱ्यात जाऊन बसते. ते पाहून गृहस्थाची खात्री पटते की, पिल्लाला आपला अपराध उमगला आणि शासन योग्य ठिकाणी पोहोचले. ही खात्री कितपत खरी आहे, हाच येथे विचाराचा मुख्य विषय आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, प्रारंभीच, एका कुत्र्याच्या पिल्लाची कथा आलेली आहे. जनमेजय राजा आपल्या तीन बंधूंसह कुरुक्षेत्रात दीर्घसत्र करीत असता देवशुनी सरमा हिचा पुत्र तेथे आला. राजाच्या भावांनी त्याला मारले, आणि तो रडत रडत आईकडे गेला. विशेष हे की, प्रत्यक्ष आईनेही प्रथम त्याचाच काही अपराध असावा असे धरले. परंतु तिने विचारले. आपण यज्ञातील हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे पुत्राने सांगितले. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि निरपराधाला का मारले, असा प्रश्न तिने केला. त्यावर कोणापाशीही उत्तर नव्हते. ज्याने काही केले नाही त्याला ज्यांनी मारले, त्यांच्यावर न दिसणारे भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली आणि राजा अत्यंत उद्विग्न झाला. एवढ्या विशाल ग्रंथाच्या आरंभीच, राजांच्या आणि वीरांच्या कथांपूर्वी, एका मुक्या प्राण्याच्या न्यायाचा प्रश्न उभा केलेला आहे, ही गोष्ट गृहस्थाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सरमेला आपल्या पुत्राला विचारता आले. आजच्या गृहस्थाला ती सोय नाही. तो पिल्लाचा चेहरा वाचतो आणि त्यावरूनच निर्णय देतो. परंतु हा साक्षीदार किती अविश्वसनीय आहे हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने चौदा पाळीव कुत्र्यांची परीक्षा घेतली. मालकाने खाऊ समोर ठेवून तो घेऊ नये अशी आज्ञा द्यावी आणि बाहेर जावे, अशी योजना होती. तो परत आल्यावर कुत्र्याने आज्ञा मोडली की पाळली हे त्याला सांगितले जाई. मात्र ते नेहमीच खरे असे असे नाही. यामुळे काही वेळा आज्ञा पाळणाऱ्या कुत्र्यासही बोलणी बसली. ज्याला लोक अपराधी मुद्रा म्हणतात ती कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर मुळीच अवलंबून नव्हती. ती मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होती. इतकेच नव्हे, तर ज्याने आज्ञा मोडली नव्हती अशा कुत्र्यावर राग निघाला तेव्हा ती मुद्रा अधिकच ठळक दिसली. तात्पर्य, कान पाडून बसलेले पिल्लू आपल्या अपराधाची कबुली देत नसते. समोरच्या मनुष्याच्या क्रोधापासून ते स्वतःला वाचवू पाहत असते. गृहस्थाला तेथे पिल्लाचा पश्चात्ताप दिसतो. वस्तुतः त्याच्याच संतापाचे ते प्रतिबिंब असते.

आता पिल्लाचे ते तथाकथित अपराध एकेक करून पाहावेत. दात लावणे हा यातील पहिला. गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात निर्माण झाली. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ या नावाने ओळखल्या गेलेल्या जमीनदाराने 1868 मध्ये आपला पिवळ्या रंगाचा रिट्रीव्हर आणि ट्वीड नदीकाठच्या पाणस्पॅनियल जातीची एक कुत्री यांच्या संयोगातून या वंशाचा पाया घातला. 1911 मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून अथवा झुडपातून शोधून, दातांचा व्रण उमटू न देता तोंडात धरून आणावा, हे या कुत्र्याचे नेमून दिलेले काम होते. शिकारीचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु ज्या वंशात तोंडात वस्तू धरण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, त्या वंशाचे पिल्लू दिसेल ती वस्तू तोंडात धरते, यात नवल ते काय? त्यात त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस कायमचे दात येण्याचा काळ साधारणतः तिसऱ्या ते सातव्या महिन्यांचा असतो. त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावल्यावाचून त्याला चैन पडत नाही. चप्पल मौल्यवान आहे आणि जुने फडके टाकाऊ आहे, हा भेद मनुष्याच्या बाजारातला आहे. पिल्लाच्या सृष्टीत तो नाही.

सर्व भूते आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे नुसता निग्रह काय करणार, अशा आशयाचा विचार गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आलेला आहे. याचा अर्थ प्रकृतीला मोकाट सोडावे असा नव्हे. तिला तिच्याच मार्गाने योग्य कार्याकडे वळवावे, हा त्यातील व्यावहारिक बोध होय. हाताला दात लागताच खेळ तत्काळ थांबवावा, हात निश्चल करावा, आवश्यक तर अर्धा मिनिट उठून दूर जावे आणि मग कुरतडण्याजोगी मजबूत वस्तू त्याच्या तोंडी द्यावी. भावंडांत खेळतानाही पिल्लू हेच शिकत असते की, जोराने चावले म्हणजे सोबती खेळ सोडून जातो. पुढे त्याच स्वभावाला चेंडू आणून देण्याचे काम दिले म्हणजे जो दोष भासत होता तोच त्याचा गुण ठरतो.

सतरंजी ओली करणे हा दुसरा अपराध. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ आवरून धरणे शक्यच नसते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला ठरलेल्या जागी नेणे हे गृहस्थाचे काम होते. ते चुकले, आणि शिक्षा मात्र पिल्लाला झाली. त्यातही ही शिक्षा बहुधा तासाभराने, ओली जागा दृष्टीस पडल्यावर होते. परंतु प्राण्याच्या मनात कृती आणि तिचे फळ यांचा संबंध जुळावयाचा तर फळ एक-दोन क्षणांतच मिळावे लागते. विलंबाने झालेल्या शिक्षेतून पिल्लू एवढेच शिकते की, हा मनुष्य कधी कधी अकारण भयंकर होतो. न दिसणाऱ्या भयाचा सरमेने दिलेला शाप असा उलट फिरून बिचाऱ्या पिल्लाच्याच वाट्याला येतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, शासनच नको म्हटले तर प्राणी अनावर होईल आणि हे दयेच्या नावाखाली चाललेले लाड ठरतील. हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. या जातीचा पूर्ण वाढलेला नर एकोणतीस ते चौतीस किलो वजनाचा असतो. पिल्लूपणी गोड वाटलेली त्याची उडी पुढे घरातील वृद्ध मातेला पाडून तिचे हाड मोडू शकते. म्हणून जो त्याला काहीच शिकवीत नाही तोही अपराधीच होय. त्याचा अपराध क्रोधाचा नसून मोहाचा आहे, एवढाच भेद. परंतु शासन म्हणजे मारहाण, हे समीकरणच मुळात चुकीचे आहे. चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत कोणीही पिल्लाकडे पाहू नये, त्याच्याशी बोलू नये, त्याला ढकलूही नये; ते टेकताच प्रेमाने हात फिरवावा. हे शासनच आहे, आणि मारण्यापेक्षा ते कठीण आहे. पोर्तुगालमध्ये ब्याण्णव कुत्र्यांवर केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले की, दटावून आणि पट्ट्याला हिसके देऊन शिकविलेल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणे बक्षीस देऊन शिकविलेल्यांपेक्षा अधिक होती. भारतात 1960 च्या कायद्याने प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशी मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु कायदा घराच्या उंबऱ्याच्या आत क्वचितच डोकावतो. तेथे गृहस्थाचा विवेक हाच एकमेव न्यायाधीश असतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. खाऊचा तुकडा दाखवून शिकविणे ही लाच नव्हे काय? निष्काम कर्माचा आदर्श मानणाऱ्या घरात फलाशेचे हे शिक्षण कसे शोभेल? याचे उत्तर असे की, निष्कामतेचा उपदेश विवेकसंपन्न मनुष्यासाठी आहे, भुकेल्या पिल्लासाठी नव्हे. एडवर्ड थॉर्नडाइक या संशोधकाने 1898 मध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले होते की, ज्या कृतीमागून समाधान लाभते ती प्राण्याच्या ठायी दृढ होत जाते. त्या तुकड्याने पिल्लाला एवढेच कळते की, 'आता केलेस ते बरोबर.' सवय जडली म्हणजे तुकडा हळूहळू कमी करता येतो आणि शाबासकीचा शब्दही पुरतो. निष्कामतेची गरज आहे ती शिकविणाऱ्याला. आठ दिवसांत पिल्लू सुधारले पाहिजे, शेजाऱ्यांपुढे त्याने आज्ञा पाळून दाखविली पाहिजे, ही फळाची घाई ज्याला सुटत नाही त्याचाच हात उगारला जातो. रोज पाच-पाच मिनिटे, दोन-तीन वेळा, न कंटाळता तीच गोष्ट जो शिकवीत राहतो, आणि आज चुकले तर उद्या पुन्हा त्याच शांत चित्ताने आरंभ करतो, त्याचा अभ्यास खरा.

या अभ्यासात घराच्या एकवाक्यतेला फार महत्त्व आहे. पिल्लाने बसावे म्हणून एक जण 'बस' म्हणतो, भुंकणे थांबवावे म्हणून दुसराही 'बस' म्हणतो, आणि तिसरा तेच इंग्रजीत सांगतो. मग त्या बिचाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा? वडील पानाजवळ येऊ देत नाहीत आणि आजी मात्र हळूच पोळीचा तुकडा टाकते. दहांतून एकदा जरी तो मिळाला तरी याचना करण्याची सवय अधिकच चिवट होते. शिवाय मनुका, द्राक्षे, कांदा, चॉकलेट यांसारखे मनुष्याला निर्दोष असलेले पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत, हेही घरातील सर्वांना ठाऊक असले पाहिजे. या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असल्याने आपल्याकडील उन्हाळ्यात तिला पहाटे अथवा सूर्यास्तानंतरच फिरविणे व शिकविणे इष्ट होय. उन्हाने तापलेले आणि झोप न मिळालेले पिल्लू चिडचिड करते. त्यालाच लोक हट्टी म्हणतात.

अशा रीतीने एकेका अपराधाचा माग काढीत गेल्यास तो बहुतेक वेळी गृहस्थाच्याच दाराशी येऊन थांबतो. कोठे त्याचे दुर्लक्ष, कोठे विसंगती, कोठे घाई, तर कोठे अज्ञान. पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचाही नामनिर्देश केलेला आहे. समदृष्टी म्हणजे सर्वांना एकाच मापाने वागविणे नव्हे. प्रत्येकाला त्याच्या अधिकाराप्रमाणे, परंतु सारख्याच न्यायबुद्धीने वागविणे होय. ज्याला समजले नाही त्याला समजेल अशा भाषेत शिकविणे एवढेच न्यायाच्या कक्षेत बसते. त्यापलीकडे जे घडते ते शासन करणाऱ्याच्या क्रोधाची केवळ शांती होय, आणि तिला शिक्षण हे नाव देणे ही आत्मवंचना आहे.

घरातील मुले हे सर्व पाहत असतात. दुर्बलावर सत्ता मिळाली म्हणजे ती कशी वापरावी, याचा पहिला पाठ त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. उगारलेला हात खाली आलेला त्यांनी पाहिला की आवरलेला पाहिला, यावरून तो मिळतो. पिल्लू वर्ष-दीड वर्षात शहाणे होईल आणि चपला कुरतडण्याचे विसरूनही जाईल. मुले मात्र विसरणार नाहीत. म्हणून गृहस्थाने हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःलाच विचारावे की, हा दंड याला समजेल काय, आणि याने खरोखर काही अपराध केला आहे काय? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याने दिली त्याचा हात बहुधा आपोआपच खाली येईल, आणि पिल्लाच्या निमित्ताने त्याचे स्वतःचेच शिक्षण सुरू होईल.