आनंदाच्या पंगतीत पान कोणाचे?

मोठेपणाची मोजपट्टी फार फसवी असते. डोंगराची उंची, नदीची लांबी, शहराची लोकसंख्या या गोष्टी आकड्यांत सांगता येतात. त्यामुळे मोठेपण आकड्यांतच सामावलेले असते, असा आपला नकळत समज होतो. कोणत्याही देशातील सर्वांत मोठ्या फुटबॉल स्टेडियमांची यादी पाहावी. तीत नाव, गाव आणि आसनसंख्या एवढाच तपशील असतो. ब्राझीलचीच यादी घेऊ. रिओ दि जानेरोचे माराकाना, सुमारे ७८,००० आसने. राजधानी ब्राझिलियातील माने गारिंचा, सुमारे ७२,०००. त्यामागून साओ पावलोचे मोरुंबी, फोर्तालेझाचे कास्तेलाँव, बेलो होरिझोन्तेचे मिनेराँव. ही तिन्ही साठ हजारांच्या पुढची. एवढे वाचून आपण थक्क होतो. परंतु त्या आसनांवर कोण बसतो, कोणाला बाहेर थांबावे लागते आणि बाहेर थांबणाऱ्याच्या खिशातून त्या वास्तूला किती पैसा गेला, हे यादी सांगत नाही. वाचकहो, नीतीचा प्रश्न नेमका तेथेच सुरू होतो.

हा प्रश्न ब्राझीलमध्ये जितक्या ठळकपणे उभा राहिला, तितका क्वचितच कोठे राहिला असेल. कारण फुटबॉल हा त्या देशात श्रीमंतांचा विरंगुळा राहिलेला नाही. तो गरिबांचा श्वास आहे.

सर्वांसाठी एक अंगण

१९५० सालची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्ये व्हावयाची होती. तिच्यासाठी रिओमध्ये जगातील सर्वांत मोठे स्टेडियम बांधण्याचे ठरले आणि लगेच वाद पेटला. कार्लोस लासेर्दा या राजकारण्याने खर्चाला विरोध केला. बांधायचेच तर शहरापासून दूर जाकारेपाग्वा भागात बांधा, असे त्यांचे म्हणणे होते. मारिओ फिल्यो या क्रीडापत्रकाराने आपल्या वृत्तपत्रातून उलट बाजू हिरिरीने मांडली. स्टेडियम माराकाना भागातच, भर वस्तीत व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. अखेर त्यांची बाजू सरस ठरली. २ ऑगस्ट १९४८ रोजी पायाभरणी झाली, १६ जून १९५० रोजी पहिला सामना झाला. पुढे १९६६ साली मारिओ फिल्यो निवर्तले, तेव्हा त्या वास्तूला अधिकृतपणे त्यांचेच नाव देण्यात आले. लोक मात्र आजही तिला माराकानाच म्हणतात.

या स्टेडियमची एक विशेष रचना होती. वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या पायऱ्या, त्याखाली पैसेवाल्यांसाठी खुर्च्या, आणि सर्वांत खाली, मैदानाला वळसा घालणारी उभे राहण्याची जागा. या जागेला ‘जेराल’ म्हणत, म्हणजे सर्वसाधारण. तिचे तिकीट अगदी स्वस्त असे. हमाल, गवंडी, फेरीवाले, कारखान्यातील मजूर तेथे उभे राहत. तेथून खेळ धड दिसत नसे. डोळ्यांसमोर खेळाडूंचे पायच अधिक येत. ऊन आणि पाऊस दोन्ही डोक्यावर झेलावे लागत.

या रचनेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. श्रीमंताला खुर्ची आणि गरिबाला खड्डा, ही समाजातील उतरंडच तेथे सिमेंटमध्ये ओतली होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: उतरंडीतील तळाच्या माणसालाही त्या भिंतींच्या आत जागा होती. गोल झाला की वरचा आणि खालचा एकाच क्षणी ओरडत असे. आनंदाच्या पंगतीत त्याचे पान शेवटचे होते, पण ते मांडलेले होते.

गर्दीचे काळीज

मात्र नुसती गर्दी जमली म्हणून तिचे काळीज मोठे होत नाही, हा धडाही याच माराकानाने दिला. १६ जुलै १९५० रोजी ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक १,७३,८५० होते. एकूण उपस्थिती दोन लाखांच्या आसपास मानली जाते. रिओची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २४ लाख होती. म्हणजे जवळजवळ दर बारा माणसांमागे एक माणूस त्या दिवशी स्टेडियममध्ये होता! ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पहिला गोलही ब्राझीलनेच केला. पुढे उरुग्वेने बरोबरी साधली आणि सामना संपण्यास अकरा मिनिटे उरली असता गिज्जाने दुसरा गोल केला. दोन लाखांच्या त्या समुदायावर स्मशानशांतता पसरली.

पराभवाला एक माणूस हवा असतो. तो मोआसिर बार्बोसा या कृष्णवर्णीय गोलरक्षकाच्या रूपाने सापडला. सामना अकरा जण हरले होते, शिक्षा एकाला झाली. १९९३ साली राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या ठिकाणी ते भेटीस गेले, तेव्हा अपशकुन नको म्हणून त्यांना दूर ठेवण्यात आले. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी उतारवयात काढले होते. २००० साली त्यांचे निधन झाले.

दोन लाखांना सामावून घेणाऱ्या वास्तूत एका माणसाच्या चुकीला जागा मिळाली नाही. मोठेपणाची आसनसंख्येखेरीज आणखीही एक मोजपट्टी असते, ती ही. विजयाच्या दिवशी सारेच एकमेकांना मिठी मारतात; हरलेल्याला जवळ घेणारा समाज मोठा.

एकाच दिवशी दोन ठिकाणे

१९ नोव्हेंबर १९६९ रोजी याच मैदानावर पेले यांनी पेनल्टीवर आपला हजारावा गोल केला. जल्लोष सुरू असताना त्यांनी देशातील गरीब मुलांची आठवण करून दिली. तो भाबडेपणा आहे, असे म्हणणारेही तेव्हा निघाले. परंतु ज्याने स्वतः दारिद्र्यात बालपण काढले, त्याला आनंदाच्या परमोच्च क्षणी उंबऱ्याबाहेर राहिलेले आठवावेत, यात भाबडेपणा कसला?

अकरा वर्षांनी, २ जुलै १९८० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे रिओमध्ये होते. त्या दिवशी ते विदिगाल या डोंगरउतारावरील झोपडपट्टीत गेले आणि आपल्या बोटातील अंगठी काढून त्यांनी तेथील लोकांना दिली. त्याच दिवशी माराकानात त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि अनेक तरुणांना गुरुदीक्षा दिली. झोपडपट्टी आणि भव्य स्टेडियम ही दोन ठिकाणे एकाच दिवसाच्या वाटेवर आली. शहरातील सर्वांत मोठ्या वास्तूकडे जाणारी वाट शहरातील सर्वांत लहान घरांवरून जावी, याहून बोलके प्रवचन कोणते?

सुरक्षितता आणि समता

१९ जुलै १९९२ रोजी फ्लामेंगो आणि बोताफोगो यांच्यातील राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापूर्वी माराकानाच्या वरच्या मजल्याचा कठडा तुटला. माणसे खाली कोसळली; तिघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. जुनी वास्तू तशीच ठेवणे आता शक्य नव्हते. टप्प्याटप्प्याने आसने बसविण्यात आली, गर्दीवर मर्यादा आली. २००५ साली जेराल कायमचे बंद झाले. पुढे २०१४ च्या विश्वचषकासाठी आतील रचना जवळजवळ नव्याने उभारण्यात आली. तिकिटांचे दरही पूर्वीचे राहिले नाहीत.

येथे दोन चांगल्या गोष्टींमध्ये संघर्ष आहे, असे वरवर वाटते. एकीकडे मनुष्याच्या जीविताची सुरक्षितता, दुसरीकडे गरिबाचा प्रवेश. जीवित श्रेष्ठ, यात शंका नाही. कठडा तुटून मेलेल्यांनाही मुलेबाळे होती. परंतु नीट विचार केला तर हा संघर्ष खरा नाही. गर्दी कमी करा, आसने बसवा, कठडे भक्कम करा, हे अभियांत्रिकीने सांगितले. गरिबाला परवडणारी जागाच ठेवू नका, असे अभियांत्रिकीचे कोणतेही पुस्तक सांगत नाही. तो निर्णय माणसांचा होता. आपले निर्णय अपरिहार्यतेच्या नावावर खपविण्याची सवय माणसाला फार जुनी आहे.

बेलो होरिझोन्तेच्या मिनेराँव स्टेडियमचा उपस्थितीचा विक्रम या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. १९९७ साली क्रुझेरो आणि व्हिला नोव्हा यांच्या सामन्याला १,३२,८३४ लोक आले होते. त्या दिवशी स्त्रियांना आणि मुलांना प्रवेश विनामूल्य होता. एवढी गर्दी सुरक्षित होती असे कोणी म्हणणार नाही. तरी दार उघडले की कोण आत येते, हे त्या आकड्याने दाखविले. एरवी घरी राहणाऱ्या आया आणि लेकरे आली होती.

ऋण काढून सण

२०१४ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने बारा स्टेडियम सज्ज केली. २०१३ च्या जून महिन्यात साओ पावलोत बसभाडे वीस सेंतावोंनी वाढले आणि लोक रस्त्यावर उतरले. पाहता पाहता आंदोलन देशभर पसरले. स्टेडियम जागतिक दर्जाची आहेत, मग रुग्णालये आणि शाळाही त्याच दर्जाच्या द्या, अशा अर्थाचे फलक हजारो हातांत दिसले. त्याच वर्षी मार्चमध्ये माराकानाशेजारच्या जुन्या आदिवासी संग्रहालयाच्या इमारतीत राहणाऱ्या आदिवासींना पोलिसांनी बाहेर काढले होते. माराकाना हे नाव आदिवासींच्याच तुपी भाषेतून आलेले आहे. नाव ठेवून घेतले, नाव देणाऱ्यांना हलविले!

मग गरीब देशाने स्टेडियम बांधूच नये काय? असे म्हणणे मला पटत नाही. ‘ऋण काढून सण’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती उधळपट्टीला नावे ठेवण्यासाठी वापरतात, आणि ते योग्यच आहे. तरीही हातावर पोट असलेला बाप सणाला मुलासाठी नवा सदरा आणतो, तेव्हा त्याला कोणी पापी म्हणत नाही. आधी सारी कर्जे फेडा, मग हसा, असे गरिबाला सांगणे हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. भुकेल्याला अन्न हवे, तसा आनंदही हवा.

पण ऋण बापाने काढायचे आणि सणाच्या पंगतीत त्याच्याच मुलांना पान नसायचे, याला सण म्हणता येत नाही. ब्राझिलियाचे स्टेडियम त्या स्पर्धेतील सर्वांत खर्चिक ठरले. त्या शहरात वरच्या श्रेणीत नियमित खेळणारा संघ नव्हता. पुढे तेथील वाहनतळ बसगाड्या उभ्या करण्यासाठी वापरला गेला आणि बांधकामातील भ्रष्टाचाराच्या चौकशीत २०१७ साली दोन माजी राज्यपालांना अटक झाली. अॅमेझॉनच्या अरण्यातील मानाउस शहरी सुमारे ४४,००० आसनांचे स्टेडियम उभे राहिले. विश्वचषकाचे चार सामने तेथे झाले.

ब्राझिलियाच्या स्टेडियमला ज्याचे नाव आहे, तो माने गारिंचा एका कापडगिरणीच्या गावात जन्मला. त्याचे पाय जन्मतः वाकडे होते. त्याच पायांनी त्याने देशाला १९५८ आणि १९६२ साली विश्वचषक मिळवून देण्यास मोठा हातभार लावला. लोकांनी त्याला ‘जनतेचा आनंद’ असे नाव दिले होते. १९८३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारूने पोखरलेला आणि विपन्न अवस्थेतील गारिंचा मरण पावला. अंत्यदर्शनासाठी त्याचे शव माराकानात ठेवण्यात आले, तेव्हा लोकांची रीघ लागली. देशाने त्याला मृत्यूनंतर सर्वांत महागडी वास्तू दिली. जिवंतपणी त्याला याहून फार थोडे लागले असते.

२०२० साली महामारी आली. साओ पावलोतील १९४० साली उघडलेल्या पाकाएंबू स्टेडियमच्या हिरवळीवर एप्रिलमध्ये तंबू उभारले गेले आणि दोनशे खाटांचे रुग्णालय सुरू झाले. सात वर्षांपूर्वी रस्त्यावर विचारलेला प्रश्न होता: स्टेडियम की रुग्णालय? त्या दिवसांत एकाच जमिनीवर दोन्ही होते. जेथे गोलसाठी श्वास रोखले जात, तेथे माणसांचे श्वास सांभाळले गेले. सर्वांची म्हणून राखलेली मोकळी जागा संकटात कोणाच्या उपयोगी पडते, हे तेव्हा कळले.

ब्राझीलमधील स्टेडियमांच्या यादीत आसनसंख्येचे रकाने तसेच राहतील, ते राहावेत. आपण मात्र कोणतीही मोठी वास्तू पाहताना आणखी तीन रकाने मनाशी आखावेत. तिच्यासाठी घाम गाळणाऱ्याला आत परवडणारी जागा आहे काय? हरलेल्याला तेथून मान वर करून बाहेर पडता येते काय? आणि उत्सव संपल्यावर ती वास्तू शेजाऱ्यांच्या काही कामाची उरते काय? गावातील सभागृह असो, शाळेचे पटांगण असो की लग्नाचा मांडव असो, हे तीन प्रश्न तेथेही विचारता येतात. त्यांची उत्तरे ‘होय’ अशी आली, तर पाचशे माणसांची जागाही मोठी आहे. ती ‘नाही’ अशी आली, तर लाखभर आसनेही अपुरीच पडतील.