मामांचा उजवा हात

पौषातल्या पहाटे भंडारदऱ्याच्या पाण्यावर धुकं असतं, तेव्हा शेंडीच्या काठावर सगळ्यांत उशिरा जागं होतं ते बोटीचं इंजिन. चहाची टपरी जागी असते, बोटवाले जागे असतात. रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला जायचं म्हणून नाशिक-मुंबईहून आलेले पाहुणे तर कानटोप्या घालून, हात चोळत काठावर हजर असतात. इंजिन मात्र ढिम्म.

मामांची बोट होती लहानशी, बारा माणसांची. मागे बांधलेलं इंजिन टू-स्ट्रोक, पंचवीस हॉर्सपॉवरचं, कोकणातल्या एका बंदरावरून जुनं घेतलेलं. बोटीला मागून अडकवायचं असलं इंजिन ओले इव्हिनरूड नावाच्या माणसाने अमेरिकेत मिलवॉकीला १९०९ साली विकायला काढलं. त्यानंतर जगभरात ज्या ज्या पाण्यावर ते गेलं, त्या त्या पाण्यावर गारठलेल्या सकाळी कोणी ना कोणी त्याला शिव्या घातल्या असणार. मामा शिव्या देत नसत. त्यांचा उजवा हात लिव्हरवर जायचा, डावा किल्लीवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निळा धूर सोडत इंजिन बोलायला लागायचं. बाकीचे बोटवाले म्हणत, मामांच्या हाताला गुण आहे.

त्यांचा भाचा संगमनेरला मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये राहून आलेला. हात शिकलेला, तोंड त्याहून जास्त. पहिल्याच सकाळी तो ऐटीत बसला, लिव्हर पुढे ढकलली आणि किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टकसुद्धा नाही.

"बॅटरी बसली, मामा."

"बॅटरी कालच भरून आणलीया," मामा म्हणाले. "लिव्हर कुठंय बघ."

इथे त्या लिव्हरची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे. बोटीच्या बाजूला डबी असते, तिच्यावर एकच दांडी. मध्ये उभी असली की न्यूट्रल. पुढे ढकलली की आधी पुढचा गिअर पडतो आणि आणखी ढकलली की रेस वाढते. मागे ओढली की उलटा गिअर, तसंच. बोट चालवताना ही सोय फार छान. पण गार इंजिन सुरू करताना तीच अडचण होते. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून जुन्या इंजिनाला सुरू होताना थोडी जास्त रेस लागते. रेस द्यावी तर गिअर पडतो, आणि गिअरमध्ये असलं की स्टार्टर मुळी फिरतच नाही. तो फिरू नये अशीच योजना असते, नाहीतर किल्ली मारताच बोट उसळायची आणि उभी माणसं पाण्यात. म्हणून बनवणाऱ्यांनी दांडीच्या बुडाशी एक बटण ठेवलेलं असतं. न्यूट्रलमध्ये ते दाबून दांडी पुढे सरकवली की गिअर जागच्या जागी राहतो आणि नुसती रेस मिळते. जोर मिळतो, चाल मिळत नाही.

मामांनी बटण दाखवलं. भाच्याला ते एवढं आवडलं की त्याने चोक ओढला, दांडी टोकाला नेली आणि किल्ली मारत सुटला. थोड्याच वेळात पेट्रोलचा वास सगळ्या काठावर. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते शेजारच्या बोटीत जाऊन बसले.

गेलेल्या भाड्याबद्दल मामा अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी प्लगचा पाना त्याच्या हातात दिला. दोन्ही प्लग पेट्रोलने निथळत होते. ते पुसून, वाळवून पुन्हा बसवेपर्यंत मामांनी कानावरची बिडी कानावरच राहू दिली.

मग त्यांनी सावकाश दाखवलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल. नळीवरचा रबरी फुगा घट्ट लागेपर्यंत दाबायचा. चोक. बटण दाबून दांडी तिसरा हिस्सा पुढे. किल्ली थोडीच. इंजिनाने तोंड उघडलं की लगेच चोक आत आणि रेस हळूहळू खाली. मग इंजिनाच्या मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडते का ते पाहायचं, कारण तीच खूण की गार पाणी आत फिरतंय. धार दिसली की बसून राहायचं.

"कशापायी?" भाच्याने विचारलं. "चालू तर झालंय."

"गोठ्यातला बैल उठल्या उठल्या जुंपतोस का? आळोखेपिळोखे देऊ दे त्याला." मग त्यांनी दांडी मधोमध आणली, बटण टक्‌ करून वर आलेलं दाखवलं आणि तेव्हाच गिअर टाकला. "रेस खाली आल्याबिगर गिअर टाकायचा न्हाई. खालचे दाते खातो त्यो."

पोरगं हुशार. शिवरात्रीच्या गर्दीपर्यंत त्याचा हातही मामांच्या हातासारखाच बसला. इतर बोटवाल्यांची इंजिनं अडली की ते याला हाक मारू लागले, आणि तो बोटीत पाय ठेवायच्या आधीच बोलायला लागायचा, "बटण दाबा, बटण."

पुढच्या दिवाळीत मामांनी कर्ज काढून नवं इंजिन घेतलं. फोर-स्ट्रोक, आवाज कमी, धूर नाही, आत पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा संगणक. थंडी पडली तशी पहिल्या कडक सकाळी भाचा आपणहून पुढे झाला. बटण दाबलं, दांडी तिसरा हिस्सा पुढे, किल्ली.

इंजिन एका क्षणात पेटलं आणि किंचाळलं. गार ऑइल, कोरं इंजिन, आणि वर एवढी रेस. काठावरचे बगळे उडाले. भाचा घाबरला, त्याने दांडी सपकन मागे ओढली. ती मध्यावर थांबली नाही. बटण वर आलं, उलटा गिअर पडला, बोट दोराला हिसका देऊन मागे गेली आणि एका बाईंचा चहाचा थर्मास पाण्यात पडला.

मामांनी किल्ली बंद केली. थर्मास काढून दिला. मग भाच्याला म्हणाले, "खोक्यात पुस्तक आलं व्हतं. आण."

पुस्तक इंग्रजीत. भाचा अडखळत वाचून मराठीत सांगू लागला. दांडी न्यूट्रलला ठेवा. रेस देऊ नका. किल्ली फिरवा. गार असताना इंजिन आपली आपण रेस वाढवील आणि तापलं की आपली आपण उतरवील.

"पुन्हा वाच," मामा म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं. मामा इंजिनाकडे पाहत होते. इतक्या वर्षांत जे हाताने केलं ते आता करायचं नाही, एवढंच त्या ओळीत होतं. अशा वेळी पुस्तकाला हसणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत; मामा हसले नाहीत. ते जाऊन बसले आणि डाव्या हाताने किल्ली धरली. उजवा हात न सांगता लिव्हरवर गेला. त्यांनी तो काढला. किल्ली फिरवायच्या वेळी तो परत गेला. तेव्हा मामांनी तो सरळ मांडीखाली घातला, त्यावर बसले आणि किल्ली मारली. इंजिन सुरू झालं, स्वतःच थोडं वर चढलं आणि थोड्या वेळाने स्वतःच शांत लागलं.

भाचा खो खो हसला. पण मामा रोज तसंच करायला लागले. एखादा पाहुणा विचारायचा, हाताला काही झालंय का? मामा सांगायचे, "ह्याला लई येतं. म्हणून दाबून ठिवलाय."

भाच्याने यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. मामांचं जुनं गेलं, आता पुस्तक खरं. तो बोटीत उडी मारायचा, किल्ली मारायचा आणि इंजिनाचा सूर खाली आला की निघायचा.

रब्बीचं आवर्तन सुटलं. १९२६ साली पुऱ्या झालेल्या आणि गव्हर्नर विल्सन यांचं नाव मिळालेल्या या धरणाचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याकडे जातं, तिथून कालव्यांनी खालच्या तालुक्यांत. तिकडे उसाला पाणी मिळतं, इकडे काठ रोज थोडा मागे सरकतो. रात्री तरंगत बांधलेली बोट सकाळी मागच्या अंगाने चिखलात रुतलेली सापडते. त्या सकाळी तशीच सापडली. इंजिनाचा पाय गाळात. दोघांनी ढकलून बोट पाण्यात नेली, पाहुणे बसले, भाच्याने मागे उभं राहूनच हात लांबवून किल्ली मारली. इंजिन लगेच सुरू. त्याने लिव्हरला हात घातला.

"धार?" मामांनी विचारलं. ते अजून गुडघाभर पाण्यात होते.

"मामा, हे नवं इंजिन हाये. तापलं तर त्येच शिट्टी मारून सांगतं."

"शिट्टी वाजंस्तवर तापू द्यायचं?" मामांनी वाकून पाहिलं. भोक कोरडं. "बंद कर."

त्याने कुरकुरत बंद केलं. मामांनी खिशातून बारीक तार काढली. "पुस्तक कुठंय?"

"आता पुस्तक कशाला?"

"त्याच पानावर खाली काय लिवलंय त्ये वाच. त्या दिवशी किल्लीपातुर वाचून थांबला व्हतास."

भाच्याने सीटखालून पुस्तक काढलं, पान उघडलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. इंजिन सुरू होताच पाण्याची धार पडते का पाहा. पडत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. तोवर मामांनी तार भोकात फिरवून गाळाची गुठळी बाहेर काढली होती.

"आता तू ये हिकडं. धार नीट बघ. मी चालू करतो."

भाचा पाण्यात उतरून इंजिनामागे वाकला. मामा वर चढले, जागेवर बसले, उजवा हात मांडीखाली घातला आणि किल्ली मारली. आधी उरलेला गाळ आला आणि त्यामागून धार, सणसणीत, थेट भाच्याच्या पोटावर. सदरा भिजला, चड्डी तर आधीच भिजलेली. बोटीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

तो चढून मागच्या फळीवर बसला. मामांनी मांडीखालून हात काढला आणि लिव्हर त्याच्यापुढे मोकळी सोडली. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांना उन्हं वर यायच्या आत देऊळ गाठायचं होतं. ते वळून म्हणाले, "अहो, झालं ना चालू? मग निघू या की."

"थांबा जरा, तापू द्या," भाचा म्हणाला. त्याचे दात कडकड वाजत होते.