मायनरला लॅटिन का नको?

नव्या शैक्षणिक धोरणाची मेजर-मायनर रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, मायनर निवडताना मुले नोकरीचा हिशेब करतात. ज्या घरात पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, तिथे हा हिशेब सोडा असे सांगायचा अधिकार कुणालाच नाही. माझे म्हणणे एवढेच, की मायनरच्या यादीत लॅटिन असावी. मेजर म्हणून मी तिचा आग्रह धरणार नाही. लॅटिनमध्येच पदवी घेणाऱ्याला इथे पुढची वाट दिसणार नाही.

वनस्पतिशास्त्राची मुले बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडे ओळखायला जातात. पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा, उंबर म्हणजे फायकस रॅसिमोसा, हे त्यांनी पाठ केलेले असते. पहिला शब्द 'अस'ने संपतो आणि दुसरा 'आ'ने, असे का? लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी असतात आणि विशेषणाला नामाचे लिंग घ्यावे लागते. आपण 'मोठा वड' आणि 'मोठी चिंच' म्हणतो, तोच हा नियम. शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलाला लिंग, वचन, विभक्ती जुळवायची सवय असतेच. त्याला लॅटिनच्या सहा विभक्त्या जड जाणार नाहीत. वनस्पतीच्या नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची अट २०११ अखेरपर्यंत होती. म्हणजे या शास्त्राचे जुने दप्तर वाचायचे तर ही भाषा लागणारच.

याहून मोठे कारण आपल्या किनाऱ्याचे आहे. 'हॉर्टस मलाबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला छापला गेला. नाव डच अधिकारी व्हान ऱ्हीडचे. माहिती इथल्या वैद्यांची. पहिल्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचे कोकणीतले निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. ते आपल्याला वाचता येते. पण त्यांच्यासारख्यांच्या ज्ञानातून जे लिहिले गेले, ते लॅटिनमध्ये बंद राहिले. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्यासाठी आयुष्यातली काही दशके दिली, तेव्हा कुठे २००३ मध्ये संपूर्ण इंग्रजी भाषांतर आले. पहिल्या खंडानंतर सव्वातीनशे वर्षांनी!

साष्टी-वसईच्या इतिहासाचेही असेच आहे. सोळाव्या शतकातल्या जेझुइटांची भारतातून गेलेली पत्रे 'डॉक्युमेंटा इंडिका'च्या अठरा खंडांत छापलेली आहेत; पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन आणि लॅटिनमध्ये. परक्या सत्तेची भाषा कशाला शिकायची, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच: धर्मांतर घडवणाऱ्यांनी आपल्याविषयी काय लिहिले, हे आपणच मुळातून, पारखून वाचायला हवे.

संस्कृत, पाली, अर्धमागधीला मुले मिळत नाहीत आणि तुम्ही लॅटिनचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप मात्र मला खरा गंभीर वाटतो. लॅटिनपायी पालीचा एक तासही कमी होता कामा नये. पण पटसंख्या नाही म्हणून विषय बंद, हा या सगळ्यांवरचा एकच घाव आहे, आणि त्यावरचा उपायही एकच. एकट्या महाविद्यालयाला न पेलणारा शिक्षक चार महाविद्यालयांनी मिळून नेमावा, शनिवारी एकत्र वर्ग घ्यावा. लॅटिन जाणणारी माणसे शोधायची तर गोरेगावला सेंट पायस सेमिनरी आहे, तिथून सुरुवात करता येईल. मागणी नवीही नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात पूर्वी संस्कृत, फारसीच्या जोडीने लॅटिनही घेता येत असे.

अभ्यासमंडळांनी पुढच्या वर्षी चार क्रेडिटचा एक अभ्यासक्रम ठेवून पाहावा, आणि दहाच मुले आली तरी तो निदान तीन वर्षे बंद करू नये.