बॅटरी जपणारं चार्जिंग

विजेच्या मोटारीतली लिथियम-आयन बॅटरी सर्वांत जास्त थकते ती दोन गोष्टींनी: उष्णतेने, आणि काठोकाठ भरलेल्या अवस्थेत दिवसच्या दिवस पडून राहिल्याने. रोजच्या फेरीचे उदाहरण घ्या: मोहने गावातून ठाण्याला जाऊन परत यायचे तर साठेक किलोमीटर होतात. 2020 साली बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची, या फेरीत तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा खर्च होतो. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर तेवढी तूट तीन-चार तासांत भरून निघते. मग रोज शंभर टक्क्यांचा हट्ट कशाला? वीस ते ऐंशीचा पट्टा पुरतो. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीला मात्र अधूनमधून पूर्ण चार्ज द्यावाच लागतो, नाहीतर किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. तिथे कंपनीची पुस्तिका प्रमाण मानावी. एप्रिल-मेच्या उन्हातून तापून आलेल्या गाडीला लगेच प्लग लावू नये. तिला सावलीत निवू द्यावे. पहाटेची वेळ तर सर्वांत चांगली. फास्ट चार्जर लांबच्या प्रवासासाठी राखून ठेवावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून गावी निघावे.