आवाजाची ठेव

मनुष्याजवळ ज्या वस्तू असतात त्यांत त्याच्या आवाजाइतकी सर्वस्वी त्याचीच अशी दुसरी क्वचितच सापडेल. जमीन विकता येते, घर गहाण टाकता येते, नावदेखील बदलता येते. आवाज मात्र जन्मभर ज्याचा त्याच्याजवळच राहतो. असे असूनही आज कोणाचाही आवाज उचलून नेणे हे एक कळ दाबण्याइतके सोपे झाले आहे. खिशात मावणारा ध्वनिमुद्रक, ज्यास आपण व्यवहारात रेकॉर्डर म्हणतो, तो पुष्कळ घरांत आहे. ज्यांच्याजवळ तो नाही त्यांच्या मोबाइलमध्ये तीच सोय आहे. हे यंत्र कसे वापरावे व त्याची निगा कशी राखावी, हा प्रश्न सामान्यतः दुकानदारास विचारला जातो. आम्हांस वाटते, तो जितका यंत्राचा आहे तितकाच सदाचाराचाही आहे. म्हणून या पृष्ठांवर त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. त्यानंतर कित्येक दशके ध्वनिमुद्रण हे गुपचूप करण्यासारखे काम नव्हतेच. गायकास मोठ्या कर्ण्यासमोर बसून गावे लागे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. आपल्या तबकड्यांवर गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांस गाणे कोणाचे हे कळावे, एवढाच त्यामागील व्यावहारिक हेतू होता. परंतु त्या प्रथेत एक नीतीही आपोआप सांभाळली जात होती. आवाज देणारा समजून-उमजून आणि आपल्या नावानिशी तो देत होता. पुढे १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आली, १९६७ मध्ये तिच्याहूनही लहान अशी मिनी-कॅसेट आली, आणि आता तर फीतही उरलेली नाही. पूर्वी यंत्राच्या आकारामुळेच समोरच्यास सूचना मिळत असे. ती सूचना देण्याचे काम आता यंत्र बाळगणाऱ्याच्या विवेकावर येऊन पडले आहे.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रण उत्तम व्हावे यासाठी जे करावे लागते आणि ते सचोटीचे व्हावे यासाठी जे करावे लागते, ती बव्हंशी एकच आहेत. यंत्र ‘खिशातले’ म्हटले जाते. परंतु खिशात ठेवून मुद्रण केले तर बोलण्यापेक्षा कापडाची घसटच अधिक ऐकू येते. ते समोर, उघड्यावर, बोलणाऱ्याच्या मुखापासून हात-दीड हात अंतरावर, जाड घडीच्या वस्त्रावर ठेवले तर आवाज स्वच्छ उतरतो, आणि बोलणाऱ्यासही ते दिसत राहते. पंखा बंद करावा, रस्त्याकडील खिडकी लोटावी, आरंभी दोन वाक्ये मुद्रित करून ऐकून पाहावी, आवाज फाटत असेल तर ग्रहणशक्ती कमी करावी. नंतर दिनांक, स्थळ व वक्त्याचे नाव सांगून, ‘आपले बोलणे मुद्रित करीत आहोत, चालेल ना?’ असे विचारावे आणि होकारही मुद्रणातच येऊ द्यावा. या चार शब्दांनी भावी श्रोत्यास संदर्भ मिळतो व वक्त्यास त्याचा मान मिळतो.

यावर कोणी म्हणेल, विचारले की माणूस सावध होतो, आजीबाई संकोचतात, ओव्यांचा ओघ आटतो. हे खरे आहे. पण त्यावर उपाय फसवणूक हा नसून धीर हा आहे. पहिल्या दिवशी यंत्र नुसते समोर असू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्यांचाच आवाज त्यांस ऐकवावा. तिसऱ्या दिवशी त्या यंत्राचे अस्तित्व विसरतात. जात्यावरील ओव्यांचे जे मोठे संकलन पुण्यात हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी उभे केले, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. आणि त्या ‘कोणी एक बाई’ म्हणून नव्हे, तर गाणारीचे नाव व गाव यांसह नोंदविलेल्या आहेत. विश्वास संपादन केल्याविना एवढे भांडार कोणी उघडून दिले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लाच मागणाऱ्याचे, धमकावणाऱ्याचे बोलणेही त्याला विचारूनच मुद्रित करावे काय? १९७२ साली आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या लाचेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या नकळत टेपवर घेतलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. उलटपक्षी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कायद्याच्या तराजूत ही दोन्ही पारडी राहणारच. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की न्यायालयापुढील प्रश्न ‘हा पुरावा चालेल काय’ असा असतो, आणि मनापुढील प्रश्न ‘आम्ही कोणाचा विश्वास मोडला’ असा असतो. जो एकांताचा आडोसा घेऊन अन्याय करतो त्याने आमच्यावर विश्वास टाकलेला नसतो. त्याच्यापासून स्वतःचा बचाव करणे हा विश्वासघात नव्हे. परंतु भाऊ, शेजारी, मित्र आपला म्हणून मन मोकळे करीत असता खिशातील यंत्र चालू ठेवणे, हे त्याच नियमाखाली कदापि येत नाही.

समजा, देवस्थानच्या जुन्या रीतिरिवाजांची माहिती घेण्यासाठी एखाद्या वृद्ध पुजाऱ्यांकडे आपण बसलो आहोत. होकार आहे, यंत्र समोर आहे. पालखीचा क्रम सांगता सांगता ते भावाभावांतील वाटणीच्या जुन्या दुःखाकडे वळतात आणि त्यांचा कंठ दाटून येतो. त्यांनी होकार दिला तो पालखीसाठी. या दुःखासाठी नव्हे. अशा वेळी हात पुढे करून यंत्र थांबवावे. ते राहून गेले तर शेवटी विचारावे, ‘मधला भाग ठेवू की पुसू?’ ते ‘पुसा’ म्हणाले तर त्यांच्यासमक्ष पुसावा. इतिहासाची हानी होईल हे कारण पुढे करू नये. ज्याचे दुःख आहे त्याच्यापेक्षा इतिहासाचा हक्क मोठा नाही. ते ‘ठेवा, पण मी असेतो कोणास ऐकवू नका’ म्हणाले तर तशी चिठ्ठी त्या मुद्रणासोबत ठेवावी आणि ती पाळावी.

म्हणजेच मुद्रित आवाज ही आपली मिळकत नसून आपल्याकडे आलेली ठेव आहे. हे एकदा मान्य केले की यंत्राची निगा हा हौसेचा विषय राहत नाही, ते कर्तव्य होते. ठेव जपणाराने आपल्या तिजोरीस गंज चढू देऊ नये. गोमंतकासारख्या दमट प्रदेशात तर हे विशेष लागू आहे. यंत्र पंधरा दिवस वापरावयाचे नसेल तर पेन्सिल सेल काढून ठेवावे. अल्कली सेल पाझरला की आतील पितळी पट्ट्या खाऊन टाकतो. ज्या यंत्रात सेल बाहेर काढता येत नाही ते पूर्ण रिकामे करून महिनोन्महिने टाकू नये. अधूनमधून निम्मे भरावे. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह यंत्र ठेवावे. सेल बदलल्यावर आतील घड्याळ तपासावे, अन्यथा पुढील सर्व मुद्रणांवर खोटी तारीख पडते. महत्त्वाचे मुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारात घ्यावे. त्यास तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. रोजच्या टिपणांना एमपीथ्री पुरेसे आहे. ते त्याच्या दशांश जागेत बसते.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘मुद्रित केले, आता चिंता नाही’ या समाधानात आहे. यंत्र हरवते, त्यातील स्मृतिपट्टी निकामी होते, जुन्या फितींवर बुरशी चढते. आपल्या पूर्वजांनी एका कंठावर कधीच भरवसा ठेवला नाही. वेदमंत्र संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनी, शब्द उलटसुलट फिरवून, अनेक शिष्यांकरवी घोकून घेतले. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी अशी ती योजना होती. त्या पठणपरंपरेस युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले. तोच धडा येथे घ्यावा. मुद्रण झाल्यावर त्याच आठवड्यात प्रती कराव्या: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा त्या उघडून ऐकाव्या. आणि जे पाठ करण्याजोगे आहे ते पाठही करावे. कारण यंत्र स्वर राखते, अर्थ समजून घेत नाही.

ठेवीच्या रक्षणाचे आणखी एक अंग अलीकडे उपस्थित झाले आहे. थोड्याशा मुद्रणावरून एखाद्याचा आवाज हुबेहूब बनवून, त्याने न उच्चारलेली वाक्ये त्याच्या मुखी घालणारी साधने आता निघाली आहेत. आजोबांचा प्रेमळ आवाज दहा ठिकाणी पाठवून देताना तो कोणाच्या हाती पडेल, याचा विचार पूर्वीपेक्षा अधिक करणे प्राप्त आहे. दिवंगतांचा आवाज हा घरातील सर्वांचा ठेवा असतो. तो कोठे, कोणापुढे लावावा हे एकाने ठरवू नये. आणि तुकडा तोडून, मागचा-पुढचा संदर्भ गाळून तर तो कधीच पसरवू नये. मृत मनुष्य ‘मी असे म्हटले नव्हते’ असे सांगण्यास येत नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात असे एखादे यंत्र पडून असेल. या पावसाळ्यापूर्वी ते एकदा बाहेर काढावे, सेल पाझरले आहेत काय ते पाहावे, आणि त्यात काय आहे ते शांतपणे ऐकावे. प्रत्येक आवाज कोणाचा, कोणत्या दिवशीचा, कोणत्या शब्दावर मिळालेला, हे कागदावर लिहून ठेवावे. ज्याचा आवाज आहे ती व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडे जाऊन तो तिला ऐकवावा आणि पुढे काय करावे ते तिलाच विचारावे.