जेवताना लक्ष कुठवर जावं

जेवताना मोबाइल बाजूला ठेवा, टीव्ही बंद करा, घास नीट चावा, चव घेत जेवा, हा सल्ला आता डॉक्टर, योगशिक्षक आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सगळेच देतात. सल्ला चांगला आहे आणि तो पाळणाऱ्याचं भलंच होईल. पण लक्ष देऊन तर पट्टीचा खवय्याही जेवतो. आमटीत गूळ किती पडला, पुरणात जायफळ आहे की वेलची, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? मग त्याच्या जेवणात आणि साधकाच्या जेवणात फरक कोणता? फरक नसेलच, तर हा विषय रसिकतेचा किंवा फार तर आरोग्याचा ठरतो. धर्मविचारात त्याला जागा राहत नाही. माझ्या मते फरक आहे. खवय्याचं लक्ष जिभेपाशी थांबतं. धर्माला अभिप्रेत असलेलं लक्ष तिथून पुढे निघतं, आधी जेवणाऱ्याच्या पोटाकडे आणि मग ज्यांच्यामुळे ताट भरलं त्यांच्याकडे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात जेवावं कसं याचे नियम सांगितले आहेत. अन्न गरम असावं, मात्रेत असावं, आधीचं पचल्यावरच पुढचं खावं. जेवताना बडबड करू नये, हसू नये, मन जेवणात असावं. फार भरभर जेवू नये हे त्यात आहे, तसंच फार रेंगाळत जेवू नये हेही आहे. हा दुसरा भाग आजच्या शिकवणीत सहसा गळून जातो. चरकाचं कारण सरळ आहे. घाईने खाणाऱ्याला अन्नातले गुणदोष समजत नाहीत. रेंगाळणाऱ्याची तृप्ती होत नाही, तो जास्त खातो, ताटातलं निवतं आणि पचन बिघडतं. सावकाशपणाला इथे स्वतंत्र मोल नाही, मोल आहे ते कळण्याला. आणि नियमांच्या शेवटी, स्वतःकडे नीट पाहून जेवावं असं म्हटलं आहे. आपल्याला काय मानवतं आणि काय नाही, हे ज्याचं त्यानेच ओळखायचं. लक्ष ताटावरून जेवणाऱ्याकडे वळतं ते या ठिकाणी.

संयुक्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. हा राजा द्रोण या धान्याच्या मोठ्या मापाने भात खाई. एकदा असाच जेवून धापा टाकत तो बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही की एखादा पदार्थ वर्ज्य करायला लावला नाही. जो सावध राहून जेवतो आणि मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येतं, अशा आशयाची एक गाथा तेवढी सांगितली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी ती ऐकवण्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण नाणी लावून दिली. हळूहळू राजाचं जेवण कितीतरी लहान मापावर आलं आणि अंग हलकं झालं. या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो राजाचा प्रामाणिकपणा. घास हातात असताना हे आपल्याला आपसूक आठवणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. पानावर बसल्यावर श्लोक म्हणणं, ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणं, या आपल्याकडच्या रीतीही तेच काम करतात. भूक आणि पहिला घास यांच्यामध्ये त्या थोडी जागा करतात. त्या यांत्रिक होतात हे खरं, पण यांत्रिक झालेली रीत पुन्हा अर्थाने भरता येते. मोडलेली नव्याने उभी करणं फार अवघड असतं.

मात्रेच्या पुढची पायरी ऋणाची. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस फक्त पाण्यावर राहायला सांगतो. सोळाव्या दिवशी वेद म्हणायला सांगितल्यावर बारा वर्षं शिकून आलेल्या त्या पोराला काही आठवत नाही. जेवल्यावर सगळं परत येतं. मन अन्नाचंच बनलेलं आहे, हे बाप मुलाला असं अनुभवातून पटवतो. ही गोष्ट मनावर घेतली तर तिचा पुढचा अर्थ टाळता येत नाही. आपली विद्या, आपला विचार, आपली साधनासुद्धा कुणीतरी पिकवलेल्या आणि रांधलेल्या अन्नावर उभी आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 पासून ध्यानाचे जे वर्ग चालवले, त्यांत एकच बेदाणा हातात घेऊन तो पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, मग चावायचा, असा पाठ असतो. पाठ सुंदर आहे. पण महाराष्ट्रातला माणूस तो करत असेल तर त्याचं लक्ष सांगली जिल्ह्यातल्या तासगावपर्यंत जायला हवं. शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, ती पसरणारे आणि निवडणारे हात, ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला तर पाण्यात जाणारं वर्षभराचं पीक, हेही त्या बेदाण्यातच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दानसूक्तात एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी म्हटलं आहे, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याबद्दल तेच सांगितलं आहे. हा दोष जिभेच्या लक्षाने दिसत नाही.

यावर एक आक्षेप विरक्तांकडून येतो. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रं लिहिली, त्यांत अस्वादाचं व्रत आहे: अन्न औषधासारखं, शरीराच्या गरजेपुरतं घ्यावं, चवीसाठी नव्हे. जिभेची गुलामी तोडण्याचा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण चव ही अन्नाची ओळख आहे. ज्वारी नवी आहे की जुनी, भाजणी किती जपून भाजली, हे ज्याला कळतच नाही, त्याला ती राबून करणाऱ्याचे कष्ट तरी कसे कळणार? चवीला पारखं होण्यापेक्षा चवीपाशी अडकून न पडणं अधिक कठीण आहे, आणि माझ्या मते अधिक योग्यही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि त्याला पूर्ण उत्तर आपल्या परंपरेकडे नाही. मौन पाळून, मन लावून, गरम गरम जेवणारा पुरुष आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या होता. त्याचं ते एकाग्र जेवण चालू राहावं म्हणून एक बाई चुलीपाशी बसून तव्यावरची पोळी थेट त्याच्या पानात वाढत होती, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं, निवलेलं खात होती. त्याच परंपरेने कुणाची पंगत कुठे बसेल हे जातीवरून ठरवलं. पदार्थाची शुद्धता, दिशा, सोवळं, सगळ्याकडे बारीक लक्ष, आणि दाराबाहेर ताटकळणारा माणूस मात्र दिसत नव्हता. असं जेवण कितीही शांतपणे झालं तरी त्याला मी सावध जेवण म्हणणार नाही. इथे चरकाचा गरम अन्नाचा नियम खुशाल मोडावा. सगळ्या पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात, भांडी मध्ये मांडावीत आणि करणारीसकट सगळ्यांनी एका वेळी बसावं. थोडी निवलेली पोळी खाण्यात जे कळतं ते ताज्या फुलक्याने कळत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. कारखान्यातल्या पाळीत अर्ध्या तासाची सुट्टी मिळते, कुणी लोकलमध्ये उभ्याने डबा संपवतो. त्यांनी हे कसं पाळायचं? मात्रा ओळखायला आणि डबा कुणी भरला हे आठवायला तासभर लागत नाही, आणि चरकाने रेंगाळायला सांगितलेलंच नाही. ज्याच्या ताटात मुळात कमी आहे त्याला तर हा उपदेश कुणी करूच नये. एकेका घासाची किंमत तो जाणतो. हे आपल्यासाठी आहे, ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला असतो आणि अन्न टाकून दिलं जातं. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा फोन दूर ठेवाच, पण हात धुण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहा. तिथे अजून कुणी उभं असेल तर थांबा, आणि त्यांना घेऊनच पानावर बसा.